शार्दूलने झाडलेली गोळी

ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही सांगितलेली नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवण्यासारखे माझ्याकडे फारसे काही नव्हते, पण हे एक होते. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखणाऱ्यांना सांगण्याचे धैर्य नाही म्हणून? बहुधा दुसरेच खरे.

मी बडोद्यात एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. घर फतेगंजात. आवाज चढवणारा माणूस म्हणून मला कोणी ओळखत नाही. वर्गातही मी हळूच बोलतो. सभ्य माणूस — असे माझ्याविषयी म्हटले जाते, आणि ते ऐकले की गेली नऊ वर्षे मी विषय बदलतो.

आमच्या शहरातल्या एका मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो, आणि अकरा वर्षे मी त्याचा संपादक होतो. संपादक हा शब्द मोठा आहे. लेख गोळा करायचे, टाइप करायचे, मुद्रिते तपासायची, छापखान्यात खेटे घालायचे, एवढेच ते काम. मला स्वतःला कथा लिहायची फार हौस होती. जमत नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येतो.

अंकात दरवर्षी दामोदरकाकांची एक गोष्ट असे. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मालगाडीचे ड्रायव्हर. त्यांचा नायक म्हणजे रेल्वे पोलिसांतला फौजदार शार्दूल. माल चोरणारे, रूळ उखडणारे, सिग्नलच्या तारा कापणारे अशा लोकांच्या मागे तो दर दिवाळीला लागायचा. कमरेला पिस्तूल, पिस्तुलात सहा गोळ्या. आणि इतक्या वर्षांत त्याने एकाही माणसावर गोळी झाडली नव्हती. गुन्हेगार कोंडीत सापडला की शार्दूल पिस्तूल खाली घेई, समोर बसे आणि त्याच्याशी बोलत राही.

मंडळात यावरून काकांची थट्टा होई. “काका, हा फौजदार आहे की कीर्तनकार?” असे आमचे खजिनदार तोंडावर विचारीत. तरुण मंडळी मराठी-गुजराती मिसळून म्हणत, “काका, एक वार तरी ढिशुम होऊ द्या ने!” काका हसत. “होईल हं, होईल,” म्हणत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शार्दूल पिस्तूल खाली घेई.

मीही हसत असे. पण मला कारण ठाऊक होते. त्या सगळ्या हसणाऱ्यांत एकट्या मला.

काकांनी ते एकदाच सांगितले होते, सुपारी कातरता कातरता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे. नोकरीत असताना एक माणूस त्यांच्या गाडीसमोर रुळावर येऊन उभा राहिला होता. “दिसला रे मला. चांगला दिसला. चौकड्याचा सदरा होता. ब्रेक मारला, पण भरलेली मालगाडी, श्रीकांत — ती काय ऐकते होय? चौकशीत माझी चूक नाही असंच निघालं. बरोबरच आहे, नव्हतीच. पण थांबता आलं नाही ते नाहीच.” मग अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, “कागदावर तरी एक माणूस असू दे, ज्याला ऐनवेळी थांबता येतं.”

हे मला माहीत होते. जे मी केले, ते हे माहीत असताना केले.

काचबिंदूने काकांची दृष्टी हळूहळू गेली. शेवटी शेवटी त्यांना फक्त उजेड आणि आकार दिसत. जाड पेनाने, मोठमोठ्या अक्षरांत, उतरत जाणाऱ्या ओळींत ते लिहीत. लिहिलेले वाचता मात्र येत नसे. म्हणून आमची एक पद्धत पडून गेली होती. मुद्रिते आली की मी गोत्रीला त्यांच्या सोसायटीत जायचे, दुपारी चारच्या सुमाराला. त्यांची सून वैशाली चहा ठेवून शिकवण्यांना निघून जायची आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत गोष्ट वाचून दाखवायची. ते एखादा शब्द बदलायला सांगत. शेवटी म्हणत, “बरोबर. जाऊ दे छापायला.” ते म्हटल्याशिवाय त्यांची गोष्ट कधी छापली गेली नाही.

नऊ वर्षांपूर्वीची दिवाळी. त्या वर्षीची गोष्ट चांगली होती — खरेच चांगली होती. रूळ उखडून एक पॅसेंजर उलटवणारा माणूस शार्दूलला एका पडक्या केबिनमध्ये सापडतो. गोष्टीत मेलेल्यांमध्ये एक बाळंतीण होती. ती ओळ टाइप केल्यावर मी पुन्हा एकदा वाचली. आणि शेवटी काय? शार्दूल पिस्तूल खाली घेतो, तिथले स्टूल पुढे ओढतो आणि म्हणतो, “बस. सकाळची गाडी येईपर्यंत बोलू.”

मला राग आला. हे मी स्वतःला पुष्कळदा तपासून विचारले आहे — तो राग बाळंतिणीसाठी होता का? थोडासा असेल. पण जास्त करून तो हेव्याचा होता. एवढी गोष्ट उभी करून हा म्हातारा ती स्टुलावर बसवतो, आणि मला एक प्रसंग धड उभा करता येत नाही! मी शेवटचे पान पुन्हा लिहिले. पिस्तूल खाली आले नाही. शार्दूलने गोळी झाडली, छातीत, आणि मागे वळून न पाहता तो बाहेर पडला. फार सफाईदार उतरले ते पान. माझ्या आयुष्यातले बहुधा सर्वांत बरे लिखाण.

पण मुद्रित तर वाचून दाखवायला हवे होते.

मी गोत्रीला गेलो. काका पलंगाच्या कडेला बसले होते, हात गुडघ्यांवर. मी वाचत गेलो. शेवटचे पान आले — माझे पान, छापलेले, माझ्या हातात. आणि मी काकांचा शेवट म्हणालो. मूळ टाइप मीच केला होता, तो मला पाठ होता. डोळे गोळीवर होते आणि तोंडाने मी स्टूल पुढे ओढत होतो. एकदाही अडखळलो नाही. मुलांना सूत्रे सांगताना अडखळतो मी कधीकधी, तेव्हा नाही.

काकांनी मान हलवली. “बरोबर. जाऊ दे छापायला.”

मला काय वाटले होते? त्यांना कळणारच नाही? की कळले तरी लोकांची वाहवा ऐकून ते खूश होतील? मी त्या वेळी नेमका काय विचार केला हे आज सांगू शकत नाही. विचार केला नाही, असे म्हणणे सोपे जाईल, पण ते खरे नाही.

अंकाचे प्रकाशन दांडिया बाजारातल्या एका सभागृहात झाले. अंक आदल्या दिवशीच घरोघर गेले होते. काका पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. एक तरुण त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, “काका, मजा पडी गई! आखिर शार्दूलने गोळी मारी खरी!” काकांना ती नेहमीची थट्टा वाटली. “मारतोय कसला तो,” म्हणून ते हसले. मग खजिनदार आले. “मानलं काका. आता झाला तुमचा फौजदार हीरो!” तेव्हा काकांचे हसू मावळले. त्यांनी वैशालीला शेवटचे पान वाचायला सांगितले. तिने तिथेच, गर्दीत, त्यांच्या कानाशी वाचले. मी व्यासपीठाजवळून पाहत होतो.

नंतर तिचा दंड धरून ते माझ्याकडे आले.

“श्रीकांत, हे कुणी लिहिलं रे?”

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरोखर माहीत करून घ्यायचे होते. “मी लिहिलं, काका” — तीन शब्द. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, मंडळात चार दिवस चर्चा झाली असती, माझे संपादकपद गेले असते. एवढेच. इतक्या स्वस्तात मी सुटलो असतो.

मी म्हणालो, “काका, असं काय करताय? तुम्हीच नाही का बदलायला सांगितलंत? वाचून झाल्यावर म्हणालात, ‘या वेळी मारू दे त्याला.’ मी तुमच्या सांगण्यावरूनच घातलं.”

वैशालीने काकांकडे पाहिले. ते पाहणे मी विसरलेलो नाही. आजाऱ्याकडे पाहतात तसे होते ते.

“मी?” काका म्हणाले. “असं म्हणालो असेन मी?”

“म्हणालात, काका.”

दुसऱ्यांदा विचारले तेव्हाही मी तेच सांगितले. ही माझी चूक, जर तुम्ही मला एका वाक्यात विचाराल तर. गोष्टीचे पान बदलले ती नव्हे. ती चोरी होती, तिला क्षमा मिळाली असती. मी एका शहाण्या माणसाला त्याची स्मृती गेली असे पटवून दिले.

त्यानंतर घरात काकांवर लक्ष ठेवणे सुरू झाले. चष्म्याची डबी जागेवर नसली की वैशाली आणि तिचा नवरा एकमेकांकडे पाहू लागले. एरवी जे कोणी हसून सोडून दिले असते, ते आता मोजले जाऊ लागले. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. सोसायटीच्या बागेपर्यंत ते काठी टेकत एकटे जात, तेही बंद झाले. ते अठ्ठ्याहत्तरांचे होते. थोडा विसर पडतही असेल. पण त्यामागे मला लपायचे नाही. माझ्या वाक्याआधी त्या घरात हा विषय नव्हता.

पुढच्या वर्षी त्यांनी गोष्ट दिली नाही. एक चिठ्ठी दिली, जाड पेनाने लिहिलेली: “गेल्या अंकात शार्दूलच्या हातून माणूस मेला. तसे मी लिहायला नको होते. वाचकांनी क्षमा करावी.” म्हणाले, “चौकटीत घाल.” मी चौकटीत घातली. एक अक्षर न बदलता. लोकांना ती म्हाताऱ्याची लहर वाटली.

शेवटच्या भेटींपैकी एकीत त्यांनी मला विचारले, “श्रीकांत, मी का मारलं रे त्याला?”

आणि मी उत्तर दिले! तुम्हाला पटेल का — मी त्यांना नीट बसून समजावले. नायकाला कधीकधी शस्त्र चालवावेच लागते, आपल्या पुराणांत तरी दुसरे काय आहे, दुष्टांचे निर्दालन आणि निष्पापांचे रक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू — असे बराच वेळ बोललो. वर्गात बोलतो तसे, मुद्देसूद. ते ऐकत होते.

“ते असेल,” ते म्हणाले. “त्यांचे नायक मारत असतील. त्यांना शोभतही असेल. पण माझा मारत नव्हता ना? मग माझ्यातच ते कुठंतरी असणार. चौकड्याच्या सदऱ्याच्या वेळीही मी ब्रेक मनापासून मारला की नाही, कोण जाणे.”

मी चहा संपवला आणि निघालो.

काका जाऊन आता सहा वर्षे झाली. मारणारा नायक नायक उरतो की नाही, यावर मला आजही ठाम मत देता येत नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येते, मी बोललोही आहे. पण दुसऱ्याच्या नायकाला गोळी झाडायला लावणे आणि ते तुम्हीच सांगितले असे त्याला पटवणे, याला दोन बाजू नाहीत.

या वर्षी मंडळाने शार्दूलच्या गोष्टींचे पुस्तक काढायचे ठरवले आहे. प्रस्तावना मी लिहावी, असे सर्वांचे मत. गेल्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. “दादा, ती शेवटची गोष्ट नक्की घ्या हं. लोकांना तीच आठवते. तिथूनच बाबांचं विसरणं सुरू झालं म्हणा, पण लिहिलीये मात्र छान.”

मी “हो” म्हणालो. फोन ठेवल्यावर कपाटातून काकांचे मूळ पान काढले. ते फाडून टाकणे मला नऊ वर्षांत जमले नव्हते. दाखवणेही जमले नव्हते.

प्रस्तावना मी लिहिणार नाही, तसे मंडळाला कळवले आहे. ते पान आणि तुम्ही वाचलेला हा मजकूर, दोन्ही रविवारी गोत्रीला वैशालीच्या हातात देईन. त्याचे तिने काय करावे, मला घरात घ्यावे की नाही, हे तिच्याकडे. मी एकच गोष्ट तिला तोंडाने सांगणार आहे, कारण ती कागदावरून कळावी अशी नाही. वैशाली, त्या दुपारी बाबा “बरोबर” म्हणाले ते स्टुलावर बसलेल्या शार्दूलला. गोळी मी झाडली होती. ते काहीही विसरले नव्हते.