तिचा व्यंकट, माझा दिगू

देगलूरच्या स्टँडवर दिगूला लातूरच्या गाडीत चढवायला तीन माणसं लागली. अण्णांनी मागून ढकललं, मी आतून ओढलं आणि कंडक्टरनं त्याचा एक पाय उचलून पायरीवर ठेवला. माय खाली उभी राहून रडत होती. माझा हा भाऊ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, अंगानं पैलवान आणि समज तीन वर्षांच्या पोराची. कपाळावर सात टाके होते. आठ दिवसांआधी त्यानं खेळता खेळता चुलत्याच्या नातवाला धोंडा मारला, पोराचं डोकं फुटलं, आणि भावकीतले तिघं आसूड घेऊन आमच्या अंगणात आले. मी मध्ये पडले तर मला बाजूला फेकलं. दिगू खाली पडल्यावरही ते थांबले नाहीत. जाताना म्हणाले, "याला गावातून काढा, न्हाईतर आम्ही काढतो."

गाडी सुटायच्या वेळी माय खिडकीपाशी आली. म्हणाली, "कुशे, कुणाला मारू देऊ नको त्याला. मी लई मारलंय, तेवढं बास हाय." सगळी गाडी ऐकत होती. मला तिची लाज वाटली. लहानपणी तिला लाटण्यानं, चपलेनं, हाताला येईल त्यानं दिगूला झोडपताना मी बघितलं होतं, आणि मी अशी कधीच होणार नाही असं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

हे मी तुम्हा गावाकडच्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं आपलं माणूस घेऊन गाव सोडलेल्या बायांसाठीही. चार वर्षं फोनवर मी सगळं बरं आहे असंच सांगत आले. सगळं बरं नव्हतं. मी काय केलं ते कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि ज्याला केलं त्याला बोलता येत नाही.

लातूर आलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी क्लासवाल्यांचे मोठमोठे बोर्ड होते, त्यांवर डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींचे फोटो. दिगू प्रत्येक फोटोला हात करत होता. आम्हाला जायचं होतं ते वसतिगृह दाल मिलांच्याही पुढं होतं. मोठ्या वयाच्या मतिमंद माणसांना ठेवून घेणारी ती एकच जागा आम्हाला सापडली होती. तिथले अधीक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, दिगूकडं न बघताच बोलले. कॉट रिकाम्या आहेत, पण बघायला माणसं नाहीत. बाया येतात आणि महिन्याभरात निघून जातात, कुणी क्लासच्या होस्टेलवर भांड्याला, कुणी दवाखान्यात. तिथं निदान कुणी चावत नाही. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली, बारावी पास, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलेली. "तुम्ही कामाला राहता का? तुम्ही राहिलात तर तो राहील," असं ते म्हणाले. मला वाटलं, नशीब उघडलं.

एक नियम मात्र होता. आपलं माणूस आपल्या हॉलमध्ये ठेवायचं नाही, नाहीतर बाई त्याचंच करत बसते आणि बाकीचे तसेच राहतात. म्हणून मला पुढचा हॉल मिळाला आणि दिगू मागच्या हॉलमध्ये गेला. मागचा हॉल सत्वशीलाकडं होता. ती रेणापूरकडची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, माझ्यासारखीच आपलं लेकरू सांभाळलं जावं म्हणून इथं कामाला लागलेली. तिचा व्यंकट माझ्या हॉलमध्ये होता. म्हणजे माझा भाऊ तिच्या हातात आणि तिचा मुलगा माझ्या हातात.

कागदावर प्रत्येक हॉलला दोन काळजीवाहक आणि एक पुरुष मदतनीस होता. प्रत्यक्षात अकरा बाप्यांना उठवायला, हगवायला, धुवायला, गोळ्या द्यायला आणि भरवायला मी एकटी. सकाळी आठ ते दहा आंघोळी. व्यंकट बावीस वर्षांचा, उंच, एक शब्द न बोलणारा. त्याला डोक्यावर पाणी पडलेलं सहन होत नसे. अशा माणसाला आंघोळ घालायला दोन बाया लागतात. एकीनं हात धरून गोडीत बोलत राहायचं आणि दुसरीनं पाणी ओतायचं. मला दोनच हात होते. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या तोंडावर डोकं आपटलं आणि समोरचा दात अर्धा तुटला. मी तो तुकडा मोरीत शोधत होते आणि तो वरून माझ्या पाठीत बुक्क्या घालत होता. बाहेर दहा जण ओल्या चड्डीत ओरडत उभे होते.

जो हात कमी पडायचा त्याची कसर मी आधी आवाजानं भरून काढली, मग चिमट्यांनी. एका सकाळी हातातला स्टीलचा तांब्या त्याच्या पाठीत घातला. तो गप्प झाला. भिंतीला तोंड करून, खांदे वर ओढून उभा राहिला, आणि पाच मिनिटांत त्याची आंघोळ झाली. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

संध्याकाळी जेवणाआधी दोन्ही हॉलच्या मुलांना अंगणात सोडत. तिथं वय कितीही असो, सगळ्यांना मुलंच म्हणतात. ती तासाभराची वेळ आपापल्या माणसाला भेटायची. सत्वशीलानं व्यंकटचा सदरा वर करून पाठ बघितली. मी समोरच होते. तिनं सदरा खाली केला, नीट केला. दोन दिवसांनी दिगूच्या कानामागं चार नखं रुतलेली मला दिसली. मी त्याचे केस कानावर ओढले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटची पाळी आली तेव्हा मात्र तांब्या आपोआप जोरात बसला.

असं आमचं सुरू झालं आणि सात-आठ महिने चाललं. दिगूच्या दंडावर काळंनिळं दिसलं की व्यंकटच्या मांडीवर उमटायचं. व्यंकटचा ओठ सुजला की दिगू लंगडत अंगणात यायचा. आणि यातलं सगळ्यात विचित्र म्हणजे आम्ही दोघी मैत्रिणी होतो. दुपारी एका ताटात जेवायचो. तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी मी बोटं चाटून खायची. रविवारी ती माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची आणि तिचे हात इतके मऊ लागायचे की मला झोप यायची. त्याच हातांनी तिनं काल काय केलं ते मला माहीत असायचं, आणि माझं तिला.

एकदा जेवताना तिनं विचारलं, "तुजा दिगू सारखं वद्दू वद्दू म्हणतंय, काय असतंय ते?" आमच्या देगलूरकडं शेजारीपाजारी तेलुगू बोलतात, तिथून त्यानं तो एक शब्द उचललेला. मी सांगितलं, वद्दू म्हणजे नको. तिचा घास तोंडापाशीच थांबला. कधी म्हणतो ते मी विचारलं नाही. त्यानंतर पंधरा दिवस दिगूच्या अंगावर काही दिसलं नाही. पण मी थांबले नव्हते, म्हणून तिनंही पुन्हा सुरू केलं. माझ्याकडं अकरा होते, तिच्याकडं बारा, आणि या काळात दोन नव्या बाया येऊन गेल्याही होत्या. एक तर दुपारच्या जेवणापर्यंतही टिकली नाही.

मग उन्हाळा आला. गच्चीवरच्या सोलरचं पाणी लातूरच्या उन्हात असं तापतं की थंड मिसळल्याशिवाय बोट घालता येत नाही. एका सकाळी नऊच्या सुमाराला मागच्या हॉलमधून दिगूची किंकाळी आली. मी हातातलं टाकून पळाले. तो मोरीत बसला होता, नळ वाहत होता, आणि त्याच्या दोन्ही पायांची कातडी सुटून लोंबत होती. जवळ कुणी नव्हतं. मी बादलीनं थंड पाणी ओतत राहिले आणि तो माझ्या केसांना धरून अक्का, अक्का म्हणून ओरडत राहिला. सर आले, चादरीत गुंडाळून त्याला रिक्षात घातलं. मी चढायला लागले तर सरांनी हात आडवा केला. म्हणाले, "तुम्ही आल्या तर इथं कोण?"

रिक्षा गेली. माझ्या भावाची कातडी माझ्या पदराला चिकटली होती आणि मला त्याच्याबरोबर जाता आलं नाही. मी हॉलमध्ये आले. व्यंकट मी सोडला होता तिथंच, मोरीत, अर्धा भिजलेला उभा होता. सत्वशीलानंच पाणी ओतलं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी फरशी पुसायच्या वायपरची दांडी उचलली. पहिला फटका पाठीत घातला, दुसरा मांडीवर, पुढचे कुठं बसले ते मला ठाऊक नाही. तो खाली बसला तरी मी थांबले नाही. त्यानं डोक्यावर हात धरले तेव्हा त्या हातांवर मारलं. हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. त्यानंतरही दोन मारले, हे मला लिहायलाच पाहिजे.

दारात सत्वशीला आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. धापा टाकत म्हणाली, "दिगूला कुठं नेलं गं? मला आत्ता सांगितलं. आचारी आला न्हाई म्हणून सरांनी मला सकाळपासून सैपाकघरात नेलतं. मागं कुणीच न्हवतं. त्यानंच नळ सोडला असंल." मग तिचं लक्ष माझ्या पायापाशी गेलं.

मला राग काढायला एक माणूस पाहिजे होतं आणि तिथं माणूसच नव्हतं. दिगूला कुणी जाळलं नव्हतं. त्याच्याजवळ कुणी नव्हतं, एवढंच झालं होतं.

तिनं मला केसांना धरून बाहेर ओढलं आणि अंगणातल्या फरशीवर आपटलं. छातीवर बसून दोन्ही हातांनी तोंडात मारत राहिली. पीठ आणि रक्त माझ्या डोळ्यांत गेलं. मी हात उचलला नाही. ती मला ठार मारेल असं वाटत होतं आणि मला ते पटतही होतं. मागच्या हॉलमध्ये एकाला फिट आली आणि बाकीचे गलका करायला लागले म्हणून ती थांबली. आम्ही दोघी उठून पळालो. मी त्या पोराचं डोकं धरलं, तिनं पाय धरले. दुसरं कोण धरणार होतं?

दुपारी सर दिगूला पट्ट्या बांधून घेऊन आले आणि लगेच व्यंकटला घेऊन गेले. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. संध्याकाळी मी त्यांच्यापुढं उभी राहून सगळं सांगितलं आणि मला काढा, पोलिसांत द्या म्हणाले. त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. मग म्हणाले, "ताई, हे मी ऐकलं नाही. उद्या सकाळी त्या अकरा जणांना कोण उठवणार, ते सांगा." रजिस्टरमध्ये त्यांनी मोरीत पाय घसरून पडला असं लिहिलं. सत्वशीलानं सही केली. चौकशी लागून जागा बंद झाली असती तर व्यंकटला घेऊन ती जाणार कुठं? माणसं कमी होती म्हणून मी वाचले, आणि त्याची मला शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या हॉलच्या मोरीत येऊन उभी राहिली. व्यंकटचं प्लास्टर तिनं पिशवीत बांधून वर धरलं आणि डोळ्यांनीच पाणी ओत म्हणाली. तेव्हापासून आम्ही दोन्ही हॉल मिळून करतो, एक धरते, एक ओतते. शेवटची आंघोळ व्हायला दुपारचे बारा वाजतात, नाश्ता लांबतो, सर कुरकुरतात. मी त्यानंतर कुणावर हात टाकला नाही. यात माझा चांगुलपणा काही नाही. दोघी असलो की तशी वेळ येत नाही.

एका ताटात मात्र आता आम्ही जेवत नाही.

या महिन्यात मायचा फोन आला. भावकीतल्यांचा राग निवला आहे. ज्याचं डोकं फुटलं होतं तो पोरगाच आता दिगू काका कुठं गेला म्हणून विचारतो. अण्णांनी मागची खोली सारवून ठेवली आहे, दोघंही कायमचे या. मी फोन ठेवला आणि खूप रडले. दिगूच्या पायांच्या जखमा भरल्या आहेत, तो चालतो, त्याला घेऊन मला जायचं होतं. या जागेचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं. मी पिशवी भरली आणि सत्वशीलाला सांगायला गेले. ती कपडे वाळत घालत होती. मला वाटलं, तिला सुटल्यासारखं होईल.

तिनं हातातला सदरा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुजा राग माज्या मनातनं मरेस्तोवर जायचा न्हाई. पर तू गेलीस तर त्याचा हात कोण धरंल? मी एकटी पडले तर मी बी तेच करीन गं, कुशा. जाऊ नको."

माय, मी पिशवी रिकामी केली. अण्णांना सांग, खोली कुणाला वापरायची असेल तर वापरू दे. गाव आठवतं, तू आठवतेस, पण घर म्हटलं की आता मला ती मोरी दिसते. व्यंकटचं मनगट वाकडंच जुळलं, त्याला त्या हातानं घास धरता येत नाही. रोज सकाळी तो मोरीच्या दारापाशी येतो, मी दिसले की दोन्ही हात डोक्यावर धरतो, आणि तसाच आत येतो.