पहिला नारळ कोणाचा

बडोद्याच्या रावपुऱ्यातले फत्तेसिंहराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक गाव चालवायला घेतलं. गावात माणूस नाही, ही अडचण त्यांना किरकोळ वाटते.

त्यांची कोतरवाडी मही नदीच्या काठावर. देऊळ तेवढं उभं आहे. बाकीचं गाव घळीने दर पावसाळ्यात थोडंथोडं खाल्लं. चावडी गेली, शाळा गेली. विहीर ढासळली तेव्हा उरलेली घरंही बडोद्याला आली आणि फ्लॅटांत रमली. चैत्री पौर्णिमेला देवीपुढे नारळ फोडायचे, एवढंच गावपण शिल्लक. तेही थांबलं तर कोतरवाडीचं नाव घेणारा कुणी उरणार नाही, या धास्तीने हा गृहस्थ महिनाभर आधीपासून सगळ्यांना फोन करून जीव नकोसा करतो.

यंदा आले दोघेच: सयाजीगंजचे श्रीपतराव आणि अलकापुरीच्या कुसुमावतीबाई. शेजारधर्म म्हणून गाडी माझी. शेवटचा रस्ता तर रस्ता नव्हताच. घामाघूम होऊन देवळात पोचलो, आणि पहिला नारळ कोणाचा यावरून दोघांची जुंपली!

"मान आमच्या घराचा!" श्रीपतराव गरजले.

"कुठल्या घराचा? दाखवा ना घर!"

"तुमचं तरी कुठाय? नदीत!"

"नदीत असलं तरी वरच्या आळीतलं आहे!"

"अरे बेन, रहेवा दो! वरची आळी आमच्यानंतर वसली!"

"अहो, भांडण ऐकायला इथे माकडसुद्धा नाही," मी वैतागून म्हणालो.

"तुम्ही बाहेरचे. गावच्या गोष्टीत पडू नका," दोघांनी एका सुरात सुनावलं.

फत्तेसिंहरावांच्या पत्नी अहल्याबाई कातावल्या. "अहो, तुम्ही तरी सांगा, मान कोणाचा?"

"मला काही आठवत नाही ब्वा," फत्तेसिंहराव देवीकडे बघत म्हणाले.

दोन्ही नारळ अखंड परत पिशव्यांत गेले.

"पुढच्या वर्षी माझे चारही दीर आणते, मग बघते!"

"आणा. मी अख्खी खालची आळी उभी करतो!"

दोघांना आपापल्या घरी सोडल्यावर अहल्याबाईंनी नवऱ्याला धारेवर धरलं. "देवी बिननारळाची राहिली! खरंच आठवत नाही तुम्हाला?"

"चांगलं आठवतं. पण सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी आलं असतं कोण?" मग माझ्याकडे वळून खुशीत म्हणाले, "तुमच्या गाडीत नाही मावायचे आता. मिनीबस बघायला लागेल."

ती कोण बघणार, हे विचारण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.