आक्कांचा उजवा पाय

ऐन मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं अशा दुपारी, सुभद्राआक्का कन्हेरीच्या रस्त्यावरून अनवाणी यायच्या. त्या आमच्या शेजारच्या. पासष्टी ओलांडली तरी ऊस स्वतः बघणाऱ्या. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या चपलांकडे बघून त्यांनी विचारलं, "घरात बी घालतीस? पाय हायेत का लोणी?" तेव्हापासून मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावाचून करमायचंही नाही.

पूर्वी आपलेही पाय भाजायचे, असं त्याच सांगत. "आता न्हाय भाजत. जमिनीची वळख झालीया." अख्ख्या आळीला त्याचं कौतुक. नव्या सुनांना त्यांचा दाखला दिला जायचा. शुगरच्या गोळ्या कपाटात होत्या, पण त्या घ्यायची आठवण आक्कांना सणासुदीला पुरणपोळी खाल्ल्यावरच व्हायची.

एका सकाळी तोडणी झालेल्या उसाच्या फडातून त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्याला टेकून चहा मागितला, ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार केला. मग खाली बघून मलाच म्हणाल्या, "अगं, रगत कुणाचं सांडलंय हितं? काय कापलंस?"

दारापासून ओट्यापर्यंत फरशीवर लाल पावलं उमटली होती. त्यांचीच. मी खाली बसून त्यांचा उजवा पाय उचलला. तळव्यात उसाच्या बुडख्याचा बोटभर टोकदार तुकडा घुसला होता. आक्का चहाची वाट बघत होत्या.

बारामतीच्या डॉक्टरांनी तो काढला. मग आक्कांना डोळे मिटायला सांगून ते तळव्याला, बोटांना, टाचेला सुईचं टोक लावत गेले. टोचलं की सांगा, म्हणाले होते. बऱ्याच वेळाने त्या वैतागल्या, "टोचा की डॉक्टर. कवर डोळं मिटून बसू?"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

"पायापासून पाठीच्या कण्यापर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत दुखल्याचा निरोप मज्जातंतूंतून जातो," ते म्हणाले. "शुगरने तुमचे तंतू पायाच्या टोकाकडून मरत आलेत. काटा लागो की निखारा, निरोप निघतच नाही."

"मंजी जमिनीची वळख..." आक्का बोलता बोलता थांबल्या. त्यांना वाक्य अर्ध्यावर सोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

जखम आतून कुजत गेली. "पाय तेवढा ठिवा. म्या फडात जाऊ कशी?" म्हणत त्यांनी डॉक्टरांचे हात धरले. शेवटी जिवासाठी उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

घरी आणल्यावर एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी एकदम माझं मनगट आवळलं. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"अंगठा ठणकतोय गं. उजवा."

मी डॉक्टरांना फोन लावला. असं होतं, ते म्हणाले. कापलेल्या तंतूंची टोकं निरोप धाडत राहतात आणि मेंदूला पाय जागेवरच वाटतो. मी आक्कांना जमेल तसं सांगितलं.

"हुता तवा बोलला न्हाय, आन् आता बोलतोय मेला," आक्का म्हणाल्या. "जरा चोळ की."

काय करावं मला कळेना. मी त्यांच्या पट्टी बांधलेल्या पायाच्या पुढे, सपाट गोधडीवर हात ठेवला आणि हळूहळू फिरवायला लागले.

"तितं न्हाय पोरी," त्या म्हणाल्या. "आनखी खाली."