भावोजींचे हात आणि साहेब

माझे भावोजी न्हावी. सदतीस वर्षं एकाच दुकानात, दोन खुर्च्या आणि एका लांबलचक आरशासमोर उभं राहून त्यांनी अर्ध्या वस्तीची डोकी भादरली. "डॉक्टरपुढे माणूस घाबरतो, माझ्यापुढे झोपतो," असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. खोटं नव्हतं ते. गळ्यावर वस्तरा फिरत असताना घोरणारी माणसं मी तिथे स्वतः पाहिली आहेत. हात हलका, बोलणं त्याहून हलकं.

त्याच हातांवर आता बोटभर जागा धड उरलेली नाही. एका पोपटाने त्यांचं काय करून ठेवलंय ते सांगायला बसले आहे. हसू आलं तर हसा, मीही आधी हसलेच होते.

त्यांची बायको म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. अडीच वर्षांपूर्वी ताईची उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर वाचा गेली. उरला एकच शब्द, 'हो'. भूक लागली तरी हो, पाय दुखला तरी हो, नको असलं तरी हो. जन्मभर माझ्या प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणारी बाई ही! मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे दिवसभर माझी वर-खाली चालूच असते.

ताई धडधाकट होती तेव्हा तिची एक कायमची तक्रार असायची. "गावाचे केस विंचरतात, घरात बायकोचा एक गुंता कधी काढला नाही!" भावोजी पेपरात तोंड घालून बसायचे. पण ती अंथरुणाला खिळली आणि हा माणूस रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तिच्या मागे स्टूल घेऊन बसायला लागला. तेल, मग मोठ्या दातांचा कंगवा, मग बारीक, मग घट्ट वेणी. अर्धा तास. ताई डोळे मिटून घ्यायची आणि तिचं वाकडं झालेलं तोंड तेवढ्या वेळापुरतं सैल पडायचं. मी वेणी घालायला गेले तर डोकं बाजूला घ्यायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पोपट दुकानातला. एक गिऱ्हाईक चार दिवसांसाठी म्हणून पिंजरा ठेवून गेलं, ते चार दिवस अजून संपायचे आहेत. खुर्चीच्या पाठीवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मान तिरकी करून बघायचा, म्हणून त्याचं नाव पडलं साहेब. कात्रीचा आवाज हुबेहूब काढायचा. दुपारी दुकानात चिटपाखरू नसताना बाहेरून ऐकलं तर वाटावं, काय धंदा चाललाय यांचा! ताईला सोबत होईल म्हणून भावोजींनी त्याला घरी आणलं आणि तो तिच्या निर्जीव उजव्या हातावर जाऊन बसला. तिथेच त्याचं ठाणं झालं. जो हात कधी हलत नाही तो त्याला सगळ्यात सुरक्षित वाटला असणार. ताई तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसायची. घरात कुणालातरी तिचा तो हात उपयोगाचा वाटला, हे काय कमी होतं?

मग भावोजींनी घोळ घातला. साहेब खोलीभर उडायचा आणि एकदा फिरत्या पंख्याच्या अगदी जवळून गेला. मी किंचाळले, ताई घामाघूम. भावोजी म्हणाले, "पंख थोडे कमी करतो. सदतीस वर्षं कापतोय, हे काय अवघड!" कुणाला विचारायचं नाही, काही नाही. गिऱ्हाइकाला गुंडाळतात तसा त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळला, लहान पोरांचं डोकं दाबतात तसं डोकं खाली दाबलं आणि कचाकच कात्री चालवली. एक पीस कोवळं होतं, नुकतं फुटलेलं. त्यातून रक्त यायला लागलं. आणि न्हावीच तो! रक्त दिसल्यावर हात आपसूक तुरटीकडे गेला. ओल्या जखमेवर तुरटी घासली. असं ओरडला तो पक्षी, मी कानावर हात ठेवले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्या दिवसापासून साहेबाचा एकच शत्रू, भावोजींचे हात. भावोजी नव्हेत, हात. हात पाठीमागे बांधून उभे राहिले तर तो खुशाल त्यांच्याकडे बघून शीळ घालायचा. पण हातात कंगवा घेऊन ताईच्या केसांजवळ गेले की मानेवरची पिसं उभी, बुबुळं लहान-मोठी, आणि खाडकन चोच. अंगठा, नखाचं मूळ, दोन बोटांच्या मधली कातडी. पहिल्या आठवड्यात मी हसले. दुसऱ्या आठवड्यात टाके पडले.

"अहो, दुसऱ्या खोलीत कोंडा ना मेल्याला," मी म्हणायचे. कोंडून पाहिलं. तो इतका किंचाळायचा आणि स्वतःचीच पिसं उपटायचा की इकडे ताई "हो, हो, हो" करत पलंगावरून उतरायला बघायची. एकदा पडलीच. पक्षी पाळणाऱ्या एका माणसाकडे नेऊन ठेवला, तर तीन दिवस ताईने तोंड उघडलं नाही. चमचा दातांवर आपटून परत. चौथ्या दिवशी भावोजी गुपचूप पिंजरा घेऊन आले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सगळी गत. दुकानात गिऱ्हाइकं त्यांच्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे आरशातून बघायला लागली. झोपायचं कुणी नाव घेईना.

आठ महिने हे चाललं. शेवटी मीच भावोजींना दंडाला धरून पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात साहेब, अगदी शहाण्या मुलासारखा. बाई तरुण, पण बोलणं नीट. "चावल्यावर हात झटकू नका, ओरडू नका. ओरडण्याची त्यांना मजा वाटते. बळजबरी करू नका. शांत असेल तेव्हाच खाऊ द्या." मग त्यांनी विचारलं, "चावल्यानंतर घरात त्याला कुणी काही देतं का? म्हणजे चावलं की बक्षीस मिळतं, असं काही?"

"बक्षीस? मी चप्पल देईन त्याला!" मी म्हटलं. भावोजी टेबलावरच्या वजनकाट्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ताईच्या खोलीत कोपऱ्यात बसले. साहेब ताईच्या खांद्यावर. भावोजींनी कंगवा घेतला, दोनदा केसांतून फिरवला, तिसऱ्यांदा चोच अंगठ्यात रुतली. त्यांनी हात झटकला नाही, दात आवळून स्टुलावर तसेच बसून राहिले. आणि ताई घाबरून "हो, हो" म्हणत डाव्या हाताने चाचपडायला लागली. उशाशी शेंगदाण्यांची वाटी होती. दोनदा दाणा सुटला, तिसऱ्यांदा तिने तो चिमटीत धरला आणि साहेबापुढे केला. त्याने अंगठा सोडला, दाणा घेतला. ताईने मान वळवून भावोजींकडे बघितलं. बाई गं, काय तो चेहरा! सुटलास, वाचवला तुला, असा.

तिथे माझ्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं. "अगं ताई, तूच शिकवतेस त्याला चावायला! चावला की दाणा, चावला की दाणा! तुझ्यामुळे त्यांच्या हाताची चाळण झालीय!"

बोलून मोकळी झाले. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. अंगठ्यातलं रक्त फरशीवर पडत होतं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग बोलला का नाहीत? वेडे आहात का तुम्ही?"

"दिवसभरात ती माझ्यासाठी एवढी एकच गोष्ट करू शकते," ते म्हणाले. "तेवढीच. तीही काढून घेऊ?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. सदतीस वर्षं गप्पा मारणारा माणूस आठ महिने एक वाक्य पोटात ठेवू शकला आणि मला आठ मिनिटं ठेवता आलं नाही.

ताईला सगळं कळतं. वाचा गेली, अक्कल नाही गेली. त्या दिवसापासून तिने डावा हात पांघरुणाखाली घातला तो घातलाच. वाटीकडे जात नाही. आधी स्वतःच्या हाताने चार घास खायची, तेही बंद झालं, भरवावं लागतं. दाणा मिळेना म्हणून साहेब आणखी पिसाळला. कंगवा दिसला की ताईच आता डोकं भिंतीकडे वळवते, त्यांना चावू नये म्हणून. भावोजी पलंगाजवळ गुडघ्यांवर बसून सांगतात, "अगं, नाही दुखत मला. देत जा गं दाणा." तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, पण हात बाहेर येत नाही. मी पाया पडले तिच्या. म्हटलं, "मूर्ख आहे मी, ऐकू नकोस माझं." भिंत बघत राहिली.

महिनाभरात केसांची जट झाली. मानेखाली कातडी लाल पडली, तेव्हा भावोजींनी एका सकाळी कात्री काढली. साहेब त्यांच्या मनगटाला लटकला होता. त्यांनी हात मागे घेतला नाही, घाई केली नाही, सगळीकडून सारखे बोटभर केस ठेवून काम पुरं केलं. ताई हलली नाही. कमरेपर्यंतचे केस मी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले.

आता विंचरायला काही नाही. तरी भावोजी रोज सकाळी दुकानात जाण्याआधी स्टूल ओढून तिच्या मागे बसतात, हात खिशात घालून. साहेब तिच्या खांद्यावर निवांत असतो, कधी शीळ घालतो. अर्धा तास झाला की ते उठतात.

परवा डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, चौकशीसाठी. "काय म्हणतो तुमचा पोपट? चावणं थांबलं का?"

"थांबलं," मी म्हटलं. "अगदी थांबलं."