वाऱ्याकडे पाठ

त्यांचं खरं नाव कागदपत्रांवर काहीतरी असेलच. पण किनाऱ्यावर घोडीवर बसायला येणाऱ्या प्रत्येक पोराला ते हात जोडून "या सरकार, बसा" म्हणायचे, त्यामुळे हळूहळू सगळे त्यांनाच सरकार म्हणायला लागले. वजन पंच्याण्णव किलो, त्यातला अर्धा किलो नुसत्या मिशांचा. घोडीचं नाव बाईसाहेब. बुटकी, बदामी, पोट जरा सुटलेलं. चौदा वर्षं ती एकच रस्ता चालत आली होती: झेंड्याच्या खांबापासून आइसक्रीमच्या गाडीपर्यंत आणि परत. पाठीवर पोर बसलं की चालायची, उतरलं की जागच्या जागी थांबायची. मग लगाम ओढा, गूळ दाखवा, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करा, पाऊल हलायचं नाही. संध्याकाळी तिला घरी आणायचं तरी वाटेवरच्या कुठल्यातरी पोराला फुकटात बसवावं लागे.

"कामावर असल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही," सरकार अभिमानाने सांगत. "माणसांत असं कुणी दाखवा मला."

स्वतः ते तिच्यावर कधी बसले नाहीत. "तिची पाठ लेकरांची आहे. माझा भार सोसायला ही आहे की," असं म्हणून बायकोकडे बघत.

बायको दिवसभर शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवायची आणि बाईसाहेबांना सरळ सवत म्हणायची. "ती शिंकली तर डॉक्टर घरी येतो. मी तापाने फणफणले तर म्हणता, जरा चहा टाकतेस का?"

वादळाची बातमी आली तशी आदल्या दिवशी वस्ती रिकामी व्हायला लागली. लोकांना शाळेत न्यायला बस आली. बसवाल्याने खिडकीतून मान काढून सांगितलं, "जनावरं घेता येणार नाहीत."

"मग मीही राहिलो," सरकार म्हणाले. "मी त्यांच्यातलाच."

"हे मात्र तीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललात," बायको म्हणाली, आणि बसमध्ये ठेवलेली आपली पिशवी परत घेऊन आली. सरकारांनी तिला खूप समजावलं. तिने पिशवी खुंटीला लावली आणि पाण्याची पिंपं भरायला घेतली.

घर म्हणजे दोनच खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. पुढची बैठकीची, तिचं दार समुद्राकडे. मागे स्वयंपाकघर, त्याचं दार परसात. भिंती दगडी, वर स्लॅब. सरकारांच्या वडिलांनी हट्टाने घातलेला. तबेला मात्र अंगणात, पत्र्याचा. सकाळी पाच कोंबड्या न्हाणीघरात कोंडल्या. कुत्रा कॉटखाली गेला, मांजर कपाटावर. पोपटाचा पिंजरा शिलाई मशीनवर ठेवला. त्या पोपटाला एकच वाक्य यायचं, "अहो, पाय पुसा!", आणि ते कुणाकडून शिकला हे सांगायला नको.

नऊ वाजता तबेल्याचा पहिला पत्रा उडाला. उडाला म्हणजे वर गेला आणि परत आलाच नाही.

सरकार भिजत धावले. लगाम धरून ओढलं, मागून ढकललं. बाईसाहेब ढिम्म. पाऊस आडवा मारत होता, दुसरा पत्रा खिळ्यांवर फडफडत होता, आणि घोडी खांबासारखी उभी. पाठ रिकामी होती ना! सरकारांना रडूच फुटलं. "अगं चल ना गं! आज कुठून आणू मी पोर?"

बायको दारातून बघत होती. तिने पदर खोचला आणि पावसात उतरली.

"धरा मला."

"काय करतेस?"

"धरा म्हणते ना! आणि हसलात तर याद राखा."

चार हात सरकारांनी लावले असते तरी कमीच पडले असते, पण दोन हातांत ती चढली. बाईसाहेबांनी कान हलवले, पाठीवरचं वजन जोखलं आणि लगेच चालायला लागल्या, जणू समोर आइसक्रीमची गाडीच उभी आहे. दार बुटकं. बायकोने घोडीच्या मानेवर अंग टाकलं, आयाळ दोन्ही मुठींत धरली, आणि अशा थाटात तिचा स्वतःच्या घरात पुन्हा एकदा गृहप्रवेश झाला.

"अहो, पाय पुसा!" पोपट ओरडला.

सरकारांनी दार लावून अडसर टाकेपर्यंत बाहेर तबेला गेला. कोसळला नव्हे. गेला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला वारा म्हणणं म्हणजे समुद्राला डबकं म्हणण्यासारखं. वारा वाहताना ऐकू येतो. हा उभा होता. घरावर हात टेकून उभा होता आणि भार टाकत होता. कानात दडे बसले. भिंतीवरचं कॅलेंडर वारा आत नसतानाही थरथरत होतं. दाराच्या फळ्या पोट फुगवावं तशा आत फुगल्या. सरकारांनी कॉट दाराला लावली, कपाट लावलं, स्वतःला लावलं. बायको शेजारी पाय रोवून उभी राहिली. तरी अडसर कण्हत होता.

आणि बाईसाहेब खोलीत वळू बघत होत्या. बायकोने उतरण्याआधी त्यांना फिरवून तोंड दाराकडे केलं होतं. सरकार ओरडले, "नीट उभी राहा गं!" त्यांनी ऐकलं नाही. स्टूल पाडलं, मशीनला धक्का दिला, वळत वळत मागचा भाग दाराकडे केला, मान खाली घातली आणि कॉटवर सगळं बूड टेकवलं. अडीचशे किलो.

दार गप्प झालं.

सरकार आणि बायको एकमेकांकडे बघत राहिले. पाठीमागे अख्खा समुद्र जमिनीवर आपटत होता, आणि ही त्याच्याकडे पाठ करून डोळे अर्धे मिटून उभी होती. मधूनच दाराला हिसका बसे, तिच्या मांड्या थरथरत, खूर फरशीवर सरकत आणि पुन्हा रुतत. दोन तास. कपाट हलवताना मांजर खाली उतरलं होतं, ते कुत्र्याच्या पोटाशी जाऊन बसलं होतं आणि दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग सगळं थांबलं. दिवा मालवावा तसं.

सरकारांनी खिडकीची फट उघडून वर पाहिलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. डोक्यावर निळं आकाश होतं. चारी बाजूंनी ढगांची भिंत, गोल, विहिरीसारखी, आणि आपण तळाशी. त्या निळ्या गोलात शेकडो पांढरे समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. वादळाने आपल्या पोटात घालून आणलेले. एकही ओरडत नव्हता. ऊन पडलं होतं. सरकारांनी नकळत हात जोडले.

मग नेहमीचे सरकार जागे झाले. "संपलं! वैरणीची गोणी कुठे पडलीय बघून येतो. भिजली तर ही खाणार काय?" त्यांनी कॉट ओढायला सुरुवात केली. कॉट सहज सरकली, कारण तिच्यावर आता कुणी टेकलेलं नव्हतं.

"अहो," बायको हळूच म्हणाली. "ही बघा."

बाईसाहेब पुन्हा वळून मागे सरत होत्या. आता तोंड समुद्राकडच्या दाराकडे. पाठीवर कुणी नव्हतं, कुणी ओढत नव्हतं, आणि त्या एकेक पाऊल मागे टाकत, चौकटीला पोट घासत स्वयंपाकघरात चालल्या होत्या. मघाशी नुसत्या जागच्या जागी वळल्या होत्या; चौदा वर्षांत त्या पहिल्यांदाच पाठ रिकामी असताना चालत होत्या, आणि त्याही उलट्या. शेवटी परसदाराला बूड लागलं तेव्हा थांबल्या. मान खाली घातली.

"दमली असेल," सरकार म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"वारा येतो तिकडे पाठ करते ना ती?"

"अगं, पण समुद्र इकडे आहे! तिकडून कुठला वारा? आणि आभाळ बघ की, स्वच्छ आहे."

"आभाळाचं मला माहीत नाही. कॉट तिकडे न्यायची."

"म्हणजे माझ्यापेक्षा घोडीवर विश्वास?"

"आजच्या दिवस," बायको म्हणाली आणि कॉटचं एक टोक उचलून उभी राहिली.

सरकारांनी अडसराकडे पाहिलं, उन्हाच्या फटीकडे पाहिलं, घोडीच्या थरथरणाऱ्या मांड्यांकडे पाहिलं. मग दुसरं टोक उचललं. कॉट घोडीच्या बाजूने कशीबशी आत घातली, पिंपं दाराला ढकलली. शेवटचं पिंप लागतंय तोवर मागच्या टेकडीकडून आवाज आला. हजार मालगाड्या एकाच पुलावर आल्यासारखा. मघाचं निळं आभाळ म्हणजे वादळाचा डोळा होता, आणि आता त्याची दुसरी बाजू उलटा वारा घेऊन आली होती. परसदार आत वाकलं, बाईसाहेबांनी एक हुंकार दिला आणि खूर रोवले. अंगणात काहीतरी प्रचंड कोसळलं. पुढच्या खिडकीच्या फटीतून सरकारांनी पाहिलं: समोरचं शंभर वर्षांचं झाड मुळांसकट आडवं झालं होतं. बरोबर जिथे उभं राहून ते वैरण शोधणार होते, तिथे. ते स्वयंपाकघरात येऊन चौकटीशी खाली बसले. बायकोने चौकटीपलीकडून, पुढच्या खोलीतून त्यांचा हात धरला आणि वादळ ओसरेपर्यंत सोडला नाही.

साडेचारला रेडिओने सांगितलं की वादळ पुढे निघून गेलं. कुणी उठलं नाही. आभाळानेच फसवलं होतं, तिथे रेडिओवर कोण विश्वास ठेवणार? दोघंही बाईसाहेबांकडे बघत होते. त्यांनी एक कान वळवला, मग दुसरा. नाकपुड्या फुगवून हवा ओढली. दाराला टेकलेली पाठ सोडवली, चौकटीपर्यंत आल्या, पुढचे गुडघे मुडपले आणि सावकाश, एखादं घर बसावं तशा, दोन खोल्यांच्या मधोमध आडव्या झाल्या.

सरकारांनी तिला झोपलेलं आजवर पाहिलंच नव्हतं. घोडा जिथे काही भय नाही अशी खात्री पटते तिथेच अंग टाकतो, असं त्यांचे वडील सांगायचे. ते मागच्या खोलीत, बायको पुढच्या. मधे हे बदामी पोट, वर-खाली होणारं.

"पुढचं दार उघडू का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आणि यायचं कसं इकडे? तिच्या अंगावरून? बसा तिथेच." बायकोने मशीनवरचा नवा कोरा अभ्रा घेतला, घडी करून घोडीच्या गालाखाली सरकवला आणि कपाळावरच्या चांदणीवर हात ठेवून बसली. "चौदा वर्षं उभीच होती हो ही."

बाहेर काय उरलंय आणि काय गेलंय, ते बघायला मग तासभर कुणी गेलं नाही.