दशांशाचा डबा

आमच्या चुलत सासऱ्यांइतका संख्यांच्या घरी जाऊन-येऊन असणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. कळमनुरीत गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण ती निवृत्ती शाळेला कळली, त्यांना नाही. भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तिथे मुलाचे वडील उंची साडेपाच फूट म्हणाले, तर हे गंभीरपणे, "परिमेय हाय, चालंल." ती सोयरीक जुळली हे त्या लोकांचे उपकार.

अशा माणसाकडे मी चाळिशीत शिकायला गेले. दहावीला गणितात दोनदा आपटले होते, मग लग्न झालं. लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर आईचं शिक्षण 'नववी' लिहिताना दर वेळी हात अडायचा. शेवटी बाहेरून दहावीला बसले.

मामंजींनी पुस्तक उघडलंच नाही. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं घालतात ना, तशी त्यांनी घरातल्या स्टीलच्या डब्यांवर संख्यांची नावं घालून आणली. मोजायचे आकडे 'नैसर्गिक'मध्ये. तो डबा शून्यासकट 'पूर्ण'मध्ये. तो उणे आकड्यांसकट 'पूर्णांक'मध्ये. तो अपूर्णांकांसकट 'परिमेय'मध्ये. 'अपरिमेय' शेजारी वेगळा, आणि दोघंही 'वास्तव' नावाच्या पिंपात. चुलत सासूबाईंच्या डाळी महिनाभर पिशव्यांत होत्या, आणि त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत.

मला मात्र हुरूप आला. औंढ्याला गेले तेव्हा एक नवा डबा घेतला, त्यावर 'दशांश' कोरून घेतलं आणि मोठ्या कौतुकानं त्यांच्यापुढे ठेवला. मामंजी ताडकन उठले.

"हे काय करून आणलंस, सूनबाई? परत दे!"

"नाव घातलेला डबा कोण परत घेईल, मामंजी?"

"मग ऐक. ०.५ म्हंजे एक छेद दोन, तो परिमेयात. ०.३३३… संपत न्हाई, पण तेच तीन फिरून येऊन राहिले, म्हंजे एक छेद तीन. तोबी परिमेयात. दोनाचं वर्गमूळ लिहायला बस, ते संपतबी न्हाई अन् ठरल्या क्रमानं फिरतबी न्हाई. ते अपरिमेयात. अन् ५.० म्हंजे आपला साधा पाच, एकदम आतल्या डब्यात. दशांश ही लिहायची रीत हाय. रीतीला डबा काहून पायजे?"

ज्यांना वेगळीच जमात समजून मी इतकी वर्षं भ्याले, ते सगळे ओळखीचेच निघाले. त्या डब्यात आता शेंगदाण्याची चटणी असते.

निकाल लागला. गणितात बावन्न! पेढे घेऊन मी कळमनुरीला धावले. मामंजींनी गुणपत्रिका दोनदा वाचली, पेढा तसाच हातात धरून बसले.

"बराबर झालं," म्हणाले. मग हळूच, "आता तू काहून येशील इकडं?"

त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गलबलून आलं मला. बारावीचा विचार तोवर माझ्या मनातही नव्हता.

"बारावीचा फॉर्म भरून राहिले ना मी," तोंडातून निघून गेलं.

"गणित घेऊन?"

दोनदा आपटलेलं आठवलं. तरी मी म्हणाले, "गणित घेऊन."

डोळे पुसत त्यांनी पेढा तोंडात टाकला.