सतरा दिवसांचे केस

डोक्यावरचे केस गेल्याचं दुःख करायला आमच्या घरात कुणाला कधी फुरसत नव्हती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सत्तरीतही दाट पांढरे केस होते आणि त्यांवर दिवसभर टोपी. ते केस दिसायचे फक्त आंघोळीच्या वेळी. माझे मात्र पंचविशीतच गळायला लागले. पोरगा मामांवर गेला, असं आई म्हणायची, आणि म्हणताना माहेरचा गुन्हा कबूल केल्यासारखं तोंड करायची.

मी एकतीस वर्षांचा, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात, राहायला शहरात एकटा. वेरूळच्या पलीकडे आमचं गाव, तिथं शेती आणि धाकटा भाऊ. तिसऱ्यांदा मुलगी बघायला गेलो तेव्हा आतल्या खोलीतून मुलीच्या आत्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "पोरगा चांगला हाय, पण आपल्या थोरल्या जावयापेक्षा म्हातारा दिसतो." बाहेर आम्ही पोह्यांच्या बशा हातात धरून बसलो होतो. परतताना गाडीत आबा म्हणाले, "पुढच्या टायमाला आपण दोघंबी टोपी घालूनच जाऊ." त्यांना मला हसवायचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि घर येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. मी असाच आहे. ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर चिडायची हिंमत नसते, मग जवळचा माणूस सापडतो.

त्यानंतर मी हेअर ट्रान्सप्लांट करायचं ठरवलं आणि सर्जन शोधायला लागलो. पहिला सापडला शहरातच, औरंगपुऱ्यात. खाली वह्या-पुस्तकांचं दुकान, बाजूनं अंधारा जिना, वर दवाखाना. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी भिंगातून माझं डोकं पुढून मागून बराच वेळ पाहिलं. मागचे केस फार दाट नाहीत, तेव्हा कपाळावरची केसांची रेघ खाली ओढायचा हट्ट करू नका, म्हणाले. प्रत्येक मूळ मी स्वतः काढतो आणि स्वतः लावतो, म्हणून दोन महिने थांबावं लागेल, हेही सांगितलं. सगळं पटण्यासारखं होतं. मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "वडील आहेत?"

मला वाटलं, टक्कल घराण्यात कुणाकडून आलं ते बघत असतील. म्हटलं, आहेत.

"तब्येत कशी असते?"

"सत्तरीचे आहेत. थंडीत जरा दम लागतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग थंडी जाऊ द्या. माझ्याकडे असे दोघं येऊन गेलेत. इथून घरी गेले आणि आठवड्याच्या आत घरात सुतक. मुंडण करायची, डोकं काढायची वेळ आली. नव्या मुळांवर वस्तरा चालत नाही हो. म्हणून मी सगळ्यांनाच विचारतो, राग मानू नका."

मी राग मानला. माणूस केस लावायला आलाय आणि हा त्याच्या बापाचं मरण काढतोय! उठलो, पुढची तारीख न घेता जिना उतरलो, आणि नाक्यावरच्या मारुतीला हात जोडले. त्या म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नाही, असं पुढे कितीतरी जणांना सांगत फिरलो. एक सरळ, जाणता माणूस मला या शहरात भेटला होता आणि मी त्याला अपशकुनी ठरवून मोकळा झालो.

दुसरा दवाखाना जालना रोडवर होता, सगळा काचेचा. तिथं कोटातल्या एका मुलीनं लॅपटॉपवर माझा फोटो घेतला आणि त्यावर केस चढवून दाखवले. त्या फोटोतला माणूस मला इतका आवडला की मी त्याच्याकडेच बघत राहिलो. वडिलांचं कुणी काही विचारलं नाही. डॉक्टर पाच मिनिटं भेटले, तीही उभ्या उभ्या. मी त्याचा अर्थ असा लावला की माणूस फार मोठा असणार. "सर, पंधरा दिवसांत तुम्ही कामावर," मुलगी म्हणाली, आणि मी पुढच्याच आठवड्यातली तारीख घेतली. डिसेंबर चालू होता.

गावी फोन करून सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे, पंधरा-वीस दिवस पुण्याला जातोय. आबा फोनवर म्हणाले, "स्वेटर घेऊन जा." मी स्वेटर घेतला आणि शहरातच मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनजवळच्या एका मित्राच्या रिकाम्या खोलीत जाऊन राहिलो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी एक माणूस मशीन घेऊन आला आणि सगळं डोकं काढायचं म्हणाला. हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी त्या फोटोकडे बघत असेन. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा डोकं काढत नाही. देवाच्या दारात नवस फेडताना काढलं तर गोष्ट वेगळी. पण तोवर मशीन कपाळापासून मागे गेलंही होतं, आणि अर्धं डोकं घेऊन उठून कुठं जाणार? मी डोळे मिटून घेतले.

पुढचे आठ तास पालथा, मग उताणा. सुया टोचेपर्यंत दुखलं, नंतर नुसता आवाज येत राहिला. मोठे डॉक्टर सुरुवातीला आले, कपाळावर पेनानं रेघ मारली आणि गेले. बाकीचं काम तीन पोरींनी केलं, आपापसात जेवणाच्या डब्यांबद्दल बोलत. निघताना सूचना मिळाल्या. अर्धवट बसून झोपायचं. खाली वाकायचं नाही. डोक्यावर दर तासाला मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा. सैल टोपी चालेल. आणि दहा दिवस डोक्याला कुणाचाही हात लागू द्यायचा नाही. "एकदा निघालेलं मूळ परत येत नाही, सर." हे वाक्य मी मंत्रासारखं घोकलं.

तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं. चौथ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली आणि पापण्या उघडेनात. आरशात बघायला दोन बोटांनी एक डोळा ताणून धरावा लागे, आणि जो दिसे तो बघवत नसे. डोकं लाल, त्यावर मोहरीएवढ्या शेकडो काळ्या खपल्या, मागे मुळं काढलेल्या जागी चाळणी. त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला.

"दादा, आबाला लई दम लागतोय. ताप बी हाय. उद्या सकाळी शहरात आणतो, सरकारी दवाखान्यात. तुला येता येईल का?"

"ट्रेनिंग मधेच सोडता येत नाही रे," मी म्हणालो.

"बरं. मी बघतो. तू काळजी करू नको."

दुसऱ्या दिवशी त्यानं आबांना एकट्यानं गाडीतून आणलं, एकट्यानं दाखल केलं. मी रिक्षानं वीस मिनिटांच्या अंतरावर उशांना टेकून बसलो होतो आणि दर तासाला फवारा मारत होतो. आज उतरेल सूज, उद्या जाऊ. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, आबांना दर थंडीत असं होतंच. ही वाक्यं मी त्या दिवसांत इतक्यांदा मनात म्हटली की अजूनही ती मला पाठ आहेत.

सहाव्या दिवशी डोळे बऱ्यापैकी उघडले. दुपारी भावाला फोन केला, जणू पुण्याहून. तो खाली औषधांच्या रांगेत उभा होता. मी दवाखान्याच्या फाटकातच होतो. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. फोन ठेवला आणि जिना चढलो.

आबा खिडकीकडच्या खाटेवर होते. नाकात ऑक्सिजनची नळी, डोक्यावर टोपी नव्हती. त्यांचे केस चारचौघांत असे उघडे मी पहिल्यांदाच पाहिले. मी मास्क खाली केला. त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखलं. यात मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

आम्ही घरी गेलो की आधी आबांच्या पाया पडायचो आणि ते डोक्यावरून हात फिरवायचे, कपाळापासून पार मानेपर्यंत. त्या सवयीनंच मी वाकलो. त्यांनी सुई टोचलेला हात हळूहळू उचलला आणि माझ्या डोक्याकडे आणला. टोपीला त्यांची बोटं लागणार तोच मी झटक्यानं डोकं मागे घेतलं.

विचार केला नव्हता. चटका बसल्यावर हात मागे येतो तसं डोकं मागे आलं. आबांचा हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला, मग चादरीवर पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येतो आबा, परत येतो," असं काहीतरी पुटपुटत मी दुसऱ्या बाजूच्या जिन्यानं खाली गेलो. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. खोलीवर येऊन मी आधी आरशात सगळी मुळं जागेवर आहेत ना ते बघितलं. हे लिहायची लाज वाटते, पण मी ते केलं.

आठव्या दिवशी पहाटे आबा गेले. भाऊ फोनवर रडत होता. मी म्हणालो, निघतो. पण पुण्याहून यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ काढणं भाग होतं. त्यामुळे बापाचं प्रेत गावाकडे नेत असताना मी बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन, त्या खोलीत घड्याळाकडे बघत बसून राहिलो.

आमच्याकडे अग्नी देणारा त्याच दिवशी डोकं आणि मिशी काढतो, बाकीचे भाऊबंद दहाव्याला. थोरला मी. ओढ्याकाठी न्हावी दगडावर वस्तरा मांडून बसला होता. चुलत्यांनी मला हाक मारली, "चल बस, दिस कलायला लागलाय."

"तात्या, डोक्याला मार लागलाय. ट्रेनिंगला मशीन लागली. टाके हायत, वस्तरा लावता येत नाय," मी म्हणालो. ते आधीच ठरवून आलो होतो. "अग्नी धाकट्याला देऊ द्या."

तात्या टोपीकडे बघत राहिले. डोळ्यांभोवती सूज उतरल्याचं पिवळं होतं, त्यामुळे ते खरंही वाटलं असेल. आई लांबून ओरडली, "लेकराला लागलं आन मला कुणी सांगितलं नाय!" ती माझ्यासाठीही रडायला लागली. भाऊ न्हाव्यासमोर बसला. त्याचे दाट केस दगडाभोवती पडले. मग खांद्यावर मडकं घेऊन तो फिरला, आणि मी गर्दीत, पाहुण्यांच्या रांगेत उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही दोघं गेलो. काम करता करता तो म्हणाला, "शेवटी आबा भ्रमिष्टावानी करत होते. म्हणले थोरला आलता. तोंडाला फडकं होतं. म्हणले डोक्यावर हात ठेवू देईना, लई रुसलाय माझ्यावर. मी म्हणलो, आबा तो पुण्याला हाय, तुम्हाला भास झाला."

माझ्या हातात राख होती. त्या गाडीतल्या अबोल्याची त्यांनी एवढी आठवण ठेवली होती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी ओढ्याच्या पाण्यात हात धुतले.

पुढचे सहा-सात दिवस आई मला वाढताना माझ्या टोपीकडे बघायची आणि दुखतंय का विचारायची. नवव्या दिवशी मी दवाखान्यात फोन करून विचारलं, उद्या वस्तरा लावला तर? त्या मुलीनं महिनाभर नको म्हणून बजावलं, केलेलं सगळं वाया जाईल म्हणाली. बरं, म्हटलं.

दहाव्याला न्हाव्यासमोर भाऊबंदांची रांग लागली. मी उठून पुढे जाऊन बसलो आणि टोपी काढली. मला वाटलं होतं, यानं काहीतरी फिटेल. न्हावी पाण्याचा हात डोक्यावर ठेवता ठेवता थांबला.

"दादा, हे तर आधीच काढलेलं हाय. पंधरा-वीस दिस झालं असतील."

शेजारी उभा असलेला भाऊ वाकला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर नुकते खुंट आले होते. त्यानं माझं डोकं पाहिलं, टाके शोधले. टाके कुठंच नव्हते. पुढे कपाळावर लाल ठिपक्यांची सरळ रेघ होती आणि तिच्यामागे उरलेल्या खपल्या ओळीनं बसलेल्या. मागे चाळणी. तो शिकलेला पोरगा आहे, मोबाईलवर जाहिराती त्यालाही येतात.

"तवा आबा जिवंत होते," तो हळू म्हणाला.

"हो."

"पुण्याला नव्हता तू."

"नव्हतो."

"मग दवाखान्यात..."

"मीच होतो."

न्हावी वस्तरा धरून कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होता. भाऊ खाली बसला.

"आबा दोनदा म्हणले, आलता. मी तुझी शप्पथ घेतली, दादा. तुझी शप्पथ घेऊन सांगितलं, कुणी आलं नव्हतं. तवा ते म्हणले, मग माझंच डोकं फिरलं असंल. मला म्हणले, आईला सांगू नको, ती भिईल."